पाटी आमच्या गल्लीत, नाव त्यांच्या वस्तीचं

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एखादी पाटी असेल. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत कामाचं नाव, रक्कम, निधी कुठला ते, आणि खाली नगराध्यक्ष-नगरसेवकांची नावं. तुम्ही ती कधी नीट वाचली आहे का? खरं सांगते, मी वाचली नव्हती. भाजीची पिशवी घेऊन दिवसातून दोनदा तिच्यासमोरून जायची, दिवाळीत तिच्यावर पणतीसुद्धा ठेवायची. पण वाचायचं काही सुचलं नाही. आणि गंमत म्हणजे मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते!

शिकवते म्हणजे अर्धवेळ. सकाळचा स्वयंपाक, डबे, सासूबाईंची औषधं उरकून अकराला शाळा गाठायची आणि दोनला परत. सहावीला स्थानिक शासनाचा धडा आहे. २०२४ च्या जूनमध्ये तो शिकवून झाल्यावर मी मुलांना सांगितलं, ‘नगरपालिकेनं तुमच्या भागात केलेलं एक काम बघा आणि चार ओळी लिहून आणा.’ मुलांनी नेहमीप्रमाणे दिवे, कचऱ्याची गाडी, बाग असं लिहून आणलं. ओढ्याकाठच्या वस्तीतली एक मुलगी मात्र वही घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, ‘‘बाई, पाटीवर आमच्या वस्तीचं नाव हाय, पण पाटी तुमच्या गल्लीत हाय. मग काम कुठं झालं म्हणून लिहू?’’

मला काही कळेना. तिनं वही पुढे केली. तिनं पाटी जशीच्या तशी उतरवून आणली होती. दलितवस्ती सुधार योजनेतून अमुक वस्तीतील रस्त्यास पेव्हर ब्लॉक बसविणे. वस्तीचं नाव तिच्या वस्तीचंच होतं, आणि पेव्हर ब्लॉक होते आमच्या गल्लीतले. ज्यांच्यावर आमची मुलं सायकली चालवतात, आम्ही बायका कोजागिरीला सतरंज्या टाकतो, ते.

‘‘नंतर सांगते,’’ म्हणून मी तिला जागेवर बसवलं. बाईंना उत्तर येत नसलं की त्या काय म्हणतात ते मुलांना चांगलं ठाऊक असतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, ‘‘मग काय, ब्लॉक उपटून परत देणार आहेस?’’

त्या फरश्यांची हकीकत अशी. २०१९ साली आमच्या गल्लीत पावसाळ्यात इतका चिखल व्हायचा की शाळेचे पांढरे मोजे घासून घासून आमचे हात दुखायचे. महिला मंडळात ठरलं, अर्ज द्यायचा. माझं अक्षर बरं आणि भाषा त्यातल्या त्यात बरी, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे. बत्तीस सह्या झाल्या. नगरसेवकांना आमच्याच घरी बोलावलं. पोहे केले, चहा केला. ते सोफ्यावर बसले, सगळ्यांची विचारपूस केली, अर्ज घडी करून खिशात घातला, आणि दोनअडीच महिन्यांत काम झालंसुद्धा! आम्ही सगळ्या किती खूश होतो म्हणून सांगू. ‘लोकप्रतिनिधी काही करत नाहीत असं लोक उगाच म्हणतात, मागायची पद्धत हवी,’ असं मी त्या वेळी मोठ्या तोऱ्यात म्हटल्याचं मला पक्कं आठवतं.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी त्याच वस्तीतल्या. त्या जुलैत ‘लाडकी बहीण’ योजना सुरू झाली होती आणि मावशी त्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. महिना दीड हजार. अर्ज भरता भरता मी त्यांना पाटीचं सांगितलं. मला वाटलं होतं, चिडतील. त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘आम्हाला ठावं हाय की! ब्लॉक टाकायला आमचीच पोरं व्हती मजुरीला.’’

वस्तीत साठेक घरं आणि नळ एक. एक दिवसाआड पाणी, तेही पहाटे चारला. मावशी कधीमधी उशिरा आल्या की मी कपाळाला आठ्या घालायची. त्या नळाच्या रांगेत उभ्या असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ‘माहीत असणं’ आणि ‘लक्षात घेणं’ यांत फरक आहे बाई.

मी विचारलं, ‘‘मावशी, मग तुम्ही मत कुणाला देणार?’’

‘‘त्यास्नीच.’’ म्हणजे आमच्या पोहे खाऊन गेलेल्या नगरसेवकांनाच. मला रागच आला. इतकं होऊनही? तर मावशींनी सांगितलं, मुलाला फेफरं आलं तेव्हा रात्री बाराला त्यांनीच गाडी पाठवली. रेशनकार्डाला चिठ्ठी त्यांनीच दिली. नवरा गेला तेव्हा मातीला उभे राहिले आणि लाकडांचे पैसे देऊन गेले. ‘‘वहिनी,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडं ते चहाला येत्यात, आमच्याकडं मयताला येत्यात. येत्यात हे बी काय कमी हाय का?’’

हे वाक्य कित्येक दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. भाजी निवडताना, वह्या तपासताना ते मधेच आठवायचं. आपण बायका हळदीकुंकवाला जमलो की सर्रास म्हणतो, ‘गरीब लोक पाचशे रुपयांना मत विकतात, म्हणून असले लोक निवडून येतात.’ मीही म्हटलेलं आहे. पण मावशींनी मत विकलं नव्हतं. रात्री बाराला दार उघडणारा माणूस त्यांनी राखून ठेवला होता. आमच्याकडे रात्री फेफरं आलं तर आमची गाडी आहे, ह्यांच्या मित्राचा दवाखाना आहे, विमा आहे. आम्हाला नगरसेवक लागतो तो फरश्यांसाठी. त्यांना तो जगण्यामरण्यासाठी लागतो. आणि ज्याच्याकडून रात्रीबेरात्री उपकार घ्यायचे त्याच्यासमोर ‘पाण्याचं काय केलंत?’ असं ठणकावून कसं विचारणार? तुम्ही विचाराल का?

सरकारांनी गरिबांसाठी कधी काही केलंच नाही असं नाही हं. तुमच्या यजमानांची पगाराची चिठ्ठी हातात आली तर बघा, ‘व्यवसाय कर’ म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतील. आमच्याकडे त्यावरून दर महिन्याला कुरकुर असते. हा कर १९७५ सालचा, आणि तो बसवला होता रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसं खडी फोडायला जात होती. त्या अनुभवातून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या खटपटीनं ही योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला, आणि देशानं तसा कायदा करायला पुढे २००५ साल उजाडलं. त्यात मला मोठी वाटणारी गोष्ट अशी की काम मागितलं तर पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा, असं कायद्यातच लिहिलं. कुणाच्या दारात जाऊन ‘दादा, बघा की’ म्हणायचं कारण नाही. अंमलबजावणीत घोटाळे झाले, हजेरीपटावर खोटी नावं लागली, ते सगळं खरं. पण शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुरासाठी कर द्यावा, हे निवडून आलेल्या माणसांनीच ठरवलं होतं.

सासूबाईंचं लहानपण गोरेगावला गेलं. त्या मृणाल गोऱ्यांची गोष्ट अजून सांगतात. मृणालताई १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचं नाव पडलं. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे निघाले त्यातही त्या पुढे. त्याच वर्षी आमदार झाल्या, १९७७ साली खासदार. सासूबाई म्हणतात, ‘‘त्या एकट्या जाऊन काम करून आणत नसत गं. बायकांना हंड्यांसकट घेऊन जात. आमची आई तशी भित्री, पण तीही गेली होती.’’ आमच्या वस्तीतल्या बायकांना असं कुणी हंड्यांसकट नेलं नाही. मीही नाही.

असो. पाटीचं पुढे काय झालं ते सांगते.

त्या वेळी आमच्या नगरपालिकेत नगरसेवकच नव्हते. २०२१ च्या अखेरीस मुदत संपली, आरक्षण आणि प्रभागांचे वाद न्यायालयात अडकले आणि राज्यभर नगरपालिकांवर प्रशासक आले. आमच्या ओळखीतले कितीतरी जण म्हणायचे, ‘बरं झालं, राजकारण नको, अधिकारी कसे शिस्तीत काम करतात!’ मलाही तसंच वाटायचं. म्हणून मावशींना घेऊन मी पालिकेत गेले. शिपायानं मला लगेच आत सोडलं, साहेबांनी खुर्ची दिली, ‘मॅडम, बोला’ म्हणाले. मावशींना बाहेरच्या बाकावर बसवलं. मी बोलून बाहेर आले तरी त्या तिथंच, पदर सावरून. परत येताना म्हणाल्या, ‘‘नगरसेवक आसतं तर घरी जाऊन उठवलं आसतं. हितं कुणाच्या दारात जावं?’’ तेव्हा मला कळलं, निवडून आलेला माणूस कितीही टाळाटाळ करो, पाच वर्षांतून एकदा का होईना त्याला त्या वस्तीत हात जोडून जावं लागतं. साहेबांना तेही नाही. चार वर्षं वस्तीकडे कुणी मत मागायलासुद्धा आलं नाही.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तुम्हीही करू शकता, अवघड काही नाही. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचं त्यांच्यावर बंधन. (दारिद्र्यरेषेखालच्यांना ते दहा रुपयेही लागत नाहीत.) मला कागदांचा एक गठ्ठा मिळाला. चोरी सापडेल, कुणाचं तरी नाव सापडेल अशा उत्साहानं मी दुपारी सगळी निजल्यावर तो उघडला.

चोरी काही नव्हती. आमची गल्ली कागदावर ‘वस्तीचा पोच रस्ता’ होती. ती पुढे ओढ्यापाशी संपते आणि तिथून वस्ती सुरू होते, तेव्हा तसं म्हटलं तर खोटंही नाही. आणि प्रस्तावाला आधार म्हणून एक अर्ज जोडला होता. आमचाच. माझ्या अक्षरातला, बत्तीस सह्यांचा. त्यात खाली एक वाक्य होतं: ‘सदर रस्त्याने मागील वस्तीतील गोरगरीब महिला व शाळकरी मुले यांची नित्य ये-जा असून त्यांचे अतोनात हाल होत आहेत.’

हे वाक्य मी लिहिलं होतं. अर्जाला वजन यावं म्हणून! मला आठवलं, ‘गोरगरीब’ शब्द सुचला तेव्हा बायकांनी वाहवासुद्धा केली होती. नगरसेवकांनी तेवढं एक वाक्य उचललं आणि त्यावर निधी बसवला.

मैत्रिणींनो, मी तो गठ्ठा कपाटात साड्यांखाली ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पण एकदा आठवायला लागलं की सगळंच आठवतं. आमच्या प्रभागात त्या वेळी दोन नगरसेवक होते. पोहे खाल्ले ते एक. दुसरी जागा अनुसूचित जातीतल्या महिलेसाठी राखीव होती आणि तिथं त्याच वस्तीतली एक बाई निवडून आली होती. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, हे मी वर्गात अभिमानानं सांगते. पण या बाईंना आम्ही कधी घरी बोलावलं नाही. प्रचाराला आल्या तेव्हा फाटकावरूनच पत्रक घेतलं. ब्लॉक बसल्यावर महिन्याभरानं त्या एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. वस्तीला नवी जलवाहिनी टाकायची तर ती आमच्या गल्लीतूनच न्यावी लागणार, त्यासाठी मधोमध खोदावं लागणार, तर गल्लीची हरकत नाही असं लिहून हवं होतं. ‘‘सभेत मी एकटी पडते, तुमच्यासारख्यांच्या सह्या असल्या तर ऐकतील,’’ असं म्हणाल्या. मी फाटकाच्या आत, त्या बाहेर. नवेकोरे ब्लॉक माझ्या डोळ्यांपुढे. ‘‘ह्यांना विचारून सांगते,’’ म्हटलं. विचारलं नाही, आणि सांगितलं तर नाहीच.

डॉ. आंबेडकरांची १९३२ सालची पुणे कराराची हकीकत मी इतक्यांदा वाचली आहे. अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत आधी ७१ जागा मिळणार होत्या, पण त्यांच्या स्वतंत्र मतदारसंघातून. गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं, २४ सप्टेंबरला करार झाला, जागा १४८ झाल्या आणि मतदारसंघ मात्र संयुक्त. म्हणजे उमेदवार त्यांच्यातला, पण निवडून देणार सगळे मिळून. यातून येणारा माणूस इतरांच्या मर्जीवर अवलंबून राहील, ही तक्रार बाबासाहेबांनी पुढे मांडली. आजही आपल्या विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ जमातींसाठी राखीव आहेत, त्या याच पद्धतीनं. पुस्तकात मला हा वाद नेहमी मोठमोठ्या माणसांचा वाटायचा. ती नगरसेविका आमच्या फाटकाबाहेर कागद धरून उभी होती, तेव्हा ती त्याच वादात उभी होती. वस्तीची मतं तिच्याकडे होतीच. अडत होतं आमच्यापाशी.

शेवटी मी तिच्याकडे गेले. साडेपाच वर्षांनी, आणि पहिल्यांदाच वस्तीत आत. आता आरक्षणाची सोडत बदलली, ती उभी राहणार नव्हती. पुन्हा धुण्याभांड्याला जात होती. मी काय बोलावं ते घरून ठरवून गेले होते, पण दारात गेल्यावर काही सुचेना. ‘‘त्या कागदाचं मी…’’ एवढंच म्हटलं. ती म्हणाली, ‘‘बसा बाई. चहापुरतं पाणी हाय.’’ मी बसले. चहा घेतला. ती त्या कागदाबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि खरं सांगते, बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

डिसेंबर २०२५ मध्ये अखेर निवडणुका झाल्या. सगळ्या पक्षांचे उमेदवार गल्लीत येऊन गेले. ‘ताई, काय अडचण?’ गल्लीनं एकमुखानं सांगितलं, कॅमेरे बसवा आणि ज्येष्ठांसाठी बाकडी द्या. मी म्हटलं, मागच्या वस्तीची जलवाहिनी आमच्या गल्लीतून न्या. उमेदवारानं माझ्याकडे, मग बाकीच्यांकडे पाहिलं आणि वहीत लिहून घेतल्यासारखं केलं. तो गेल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगं, खोदतील आणि तसंच टाकून जातील. पाहिलंय आपण.’’ त्याही खोट्या नाहीत. पालिकेनं खोदलेला रस्ता वेळेत बुजवलेला तुम्ही कुठं पाहिला असेल तर मला जरूर कळवा.

तरी आता अर्ज लिहिला आहे. या खेपेला वस्तीतल्या बायकांनी सांगितलं तसा, त्यांच्या शब्दांत. ‘गोरगरीब’, ‘अतोनात’ काही नाही. साठ घरं, एक नळ, एक दिवसाआड, पहाटे चार. पहिली सही त्या जुन्या नगरसेविकेची, दुसरी मावशींची. मावशी अंगठा देत होत्या, तर त्यांच्या नातीनं हात धरून सही करवून घेतली. माझी ती वहीवाली विद्यार्थिनी म्हणजे त्यांची नातच निघाली. इतकी वर्षं मावशी घरात येतात आणि मला हे माहीत नव्हतं! वस्तीतल्या सह्या दोन दिवसांत झाल्या. खाली गल्लीची नाहरकत आहे. त्यासाठी मी घरोघरी हिंडते आहे, वाण लुटायच्या दिवसांत तेवढीच ये-जा. बत्तीसपैकी अकरा सह्या मिळाल्या. शेजारच्या काकूंनी ‘आधी बुजवायचं लेखी घे’ म्हणून शेरा मारून का होईना, सही केली. तीन घरांनी दार लावून घेतलं. चौघी म्हणाल्या, ‘‘ह्यांना विचारून सांगते.’’ त्यांना मी काय बोलणार?

आमच्या ह्यांची सही अजून व्हायची आहे. कागद सध्या वर्तमानपत्राखाली ठेवला आहे.